मदत हवी आहे : लिनक्सवर विंडोजचा वजनकाट्याचा प्रोग्राम

आर्वी तालुक्यातील आमच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्यांचे वजन नोंदवणारा विंडोजचा जुना ३२-बिट प्रोग्राम आता लिनक्स प्रणालीवर वाइन (Wine) या सॉफ्टवेअरमधून चालवतो. वाइन हे एम्युलेटर (दुसऱ्या संगणकाची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम) नसून विंडोजच्या कॉलचे, म्हणजे प्रोग्रामने विंडोजकडे केलेल्या मागण्यांचे, लिनक्सला समजतील अशा कॉलमध्ये रूपांतर करते, त्यामुळे जुन्या संगणकावरही वेग उत्तम आहे. काट्याचे सीरियल पोर्टही कॉम-१ म्हणून जोडता आले. अडचण फक्त परवान्याच्या यूएसबी डोंगलची (प्रोग्रामचा परवाना तपासण्यासाठी यूएसबीला लावायच्या छोट्या उपकरणाची) आहे : त्याचा ड्रायव्हर विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, बसणारा असल्याने वाइनमध्ये डोंगल ओळखलाच जात नाही. केवळ त्यासाठी ४ जीबी रॅमवर व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकाच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकात) संपूर्ण विंडोज ठेवणे मला अवाजवी वाटते. असा डोंगल लिनक्सच्याच ड्रायव्हरने वाइनपर्यंत पोहोचवण्याचा मार्ग कोणास ठाऊक असल्यास, दिवाळीनंतर कापसाची आवक वाढण्यापूर्वी, कृपया कळवावा.