कोरिंथला दोन बंदरं कशाला होती? आणि आज तिथे काही दिसतं का?

ठाकुर्ली_लोकल:
ऑक्टोबरमध्ये अथेन्सला जातोय, एक अख्खा दिवस तिथल्या जवळच्या प्राचीन कोरिंथ शहरासाठी ठेवलाय. सगळे अपोलोच्या देवळाचेच फोटो टाकतात, मला बंदरं बघायचीयेत. लेखायन आणि केंख्रिए अशी दोन होती असं वाचलं, एका शहराला दोन कशाला? आणि आता जाऊन काही दिसतं का नुसताच किनारा?

भाऊचाधक्का:
नकाशा उघडा, लगेच कळेल. जमिनीची चिंचोळी पट्टी, पश्चिमेला लेखायन म्हणजे इटलीकडचा व्यापार, पूर्वेला केंख्रिए म्हणजे आशियाकडचा. खाली दक्षिणेला मालेआच्या भूशिराला वळसा घालायचं म्हटलं की खलाशांच्या पोटात गोळा यायचा, तिकडे जायचं तर घर विसरा अशी म्हणच प्राचीन ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोने नोंदवलीय. मग माल इथेच उतरवायचा, पट्टीवरून पलीकडे न्यायचा आणि कोरिंथने जकात घेऊन गब्बर व्हायचं. इ.स.पू. ६०० च्या आसपास तर आरपार फरसबंद रस्ताच केला, दिओल्कोस. कालवा फार नंतरचा, १८९३ चा. कालव्याच्या पश्चिम तोंडाशी त्या रस्त्याचे दगड आहेत, ते चुकवू नका.

खाडीकाठ_वसई:
मला सगळ्यात भारी वाटतं ते हे, की दोन्ही बंदरं एकाच शहराची पण भूकंपांनी केंख्रिए खाली गेलं आणि लेखायन वर आलं. लेखायनचं आतलं बंदर माणसांनी खोदलेलं, उपसलेल्या वाळूचे ढीग अजून टेकाडांसारखे उभे आहेत, आणि धक्क्याच्या दगडांना समुद्रातल्या शिंपल्यांनी पाडलेली भोकं आज पाण्याच्या वर आहेत! केंख्रिएला उलटं, भिंती सरळ पाण्यात उतरतात, काठावरूनच दिसतात. तिथेच १९६० च्या दशकात पाण्याखाली लाकडी खोक्यांत रचून ठेवलेली रंगीत काचेची चित्रं मिळाली, चौथ्या शतकातली, नाईलकाठची दृश्यं, बंदरं, होमर, प्लेटो. भिंतीवर बसवायच्या आधीच सगळं बुडालं. आपल्या सोपाऱ्याचं बंदर गाळाने गेलं, तिथे १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी स्तूप उकरला पण धक्का कुठे होता ते विचारायला कोणी जात नाही, म्हणून हे वाचलं की फार लागतं मनाला.

ठाकुर्ली_लोकल:
बाप रे, खोक्यांचं माहीतच नव्हतं! ती चित्रं बघायला मिळतात का?

खाडीकाठ_वसई:
हो, इस्थमियाच्या म्युझियममध्ये, केंख्रिएपासून जवळच. बंद कधी असतं ते आधी बघून घ्या आणि सकाळी तिथूनच सुरुवात करा, लेखायन दुपारनंतर ठेवा.