कॅनिंग कारखान्यासाठी रॅक सर्व्हर: डिस्क कोणत्या आणि नेटवर्क कार्ड कोणते घ्यावे?

खाडीकाठ:
रत्नागिरीजवळ आमचा आंब्याचा पल्प काढण्याचा छोटा कारखाना आहे. हिशेब, मालसाठा आणि २४ कॅमेऱ्यांचे चित्रण या तिन्हींसाठी एकच २यू (रॅकमधल्या दोन खणांएवढ्या उंचीचा) सर्व्हर घ्यावा, असे मालकांच्या मनात आहे. एका कोटेशनमध्ये डिस्क बसवायचे साडेतीन इंची १२ कप्पे आणि साटा (साध्या जोडणीच्या) हार्ड डिस्क आहेत, तर दुसऱ्यात अडीच इंची ८ कप्पे आणि एसएसडी (फिरता भाग नसलेल्या, चिपवर साठवणाऱ्या वेगवान डिस्क). नेटवर्कसाठी १ गिगाबिटची चार पोर्ट पुरतील का? कॅनिंगची शेड १२० मीटरवर असून तिथवर तांब्याची केबल आहे; गेल्या वळवाच्या पावसात विजा झाल्या, तेव्हा तिच्या टोकाचा स्विच जळाला.

दर्यावर्दी:
कॅमेरे या सर्व्हरवर आणूच नयेत. प्रत्येक कॅमेरा सेकंदाला ४ मेगाबिटचा धरला (८ बिट म्हणजे १ बाइट), तरी २४ कॅमेऱ्यांचे सेकंदाला १२ मेगाबाइट, म्हणजे दिवसाला एक टेराबाइटहून थोडे अधिक आणि महिन्याला ३१ टेराबाइट होतात. या साठ्याला स्वस्त, मोठ्या साडेतीन इंची डिस्क आणि वेगळा एनव्हीआर (कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारे यंत्र) पुरतो. हिशेबाच्या डेटाबेसला मात्र क्षमता थोडी आणि प्रतिसाद तत्पर लागतो. म्हणून मी दुसरे कोटेशन निवडेन.

त्यात १.९२ टेराबाइटच्या चार एसएसडी रेड १० मध्ये (प्रत्येक गोष्ट दोन डिस्कवर लिहिणाऱ्या रचनेत) लावल्यास ३.८४ टेराबाइट जागा मिळते. रेड ५ मध्ये (एका डिस्कएवढी जागा दुरुस्तीच्या माहितीसाठी राखणाऱ्या रचनेत) ५.७६ मिळते खरी, पण प्रत्येक छोट्या लेखनामागे चार वाचन-लेखने होतात. आपल्याकडे वीज किती वेळा जाते हे वेगळे सांगायला नको. तेव्हा डिस्क एंटरप्राइझ दर्जाच्या, वीज जाताच आतला डेटा सुरक्षित लिहून टाकणाऱ्या असाव्यात. ऑपरेटिंग सिस्टीमसाठी मदरबोर्डजवळ आत बसणाऱ्या दोन छोट्या एम.२ डिस्कचे मिररिंग करावे (दोन्हींवर तीच प्रत ठेवावी), म्हणजे पुढचे कप्पे मोकळे राहतात.

आणखी एक गोष्ट पुरवठादाराकडून लिहून घ्या: बॅकप्लेन (कप्प्यांमागची, डिस्क जिला जोडल्या जातात ती पट्टी) एनव्हीएमई, म्हणजे साटापेक्षा वेगवान जोडणीच्या एसएसडी, घेणारा आहे का? डिस्क पुढे कधीही वाढवता येतात, पण बॅकप्लेन नंतर बदलायला गेलात, तर केबल आणि कंट्रोलरसकट खर्च पडतो.

खाडीकाठ:
कॅमेऱ्यांचा हा हिशेब मालकांना दाखवतो. रेड १० असताना वेगळा बॅकअप लागेल का?

दर्यावर्दी:
लागेलच. चुकून पुसलेली नोंद दोन्ही प्रतींतून एकाच क्षणी पुसली जाते.

मचवा:
नेटवर्कबद्दल लिहितो. तांब्याच्या केबलची मर्यादाच १०० मीटर आहे, तुमची शेड तिच्या पलीकडे आहे. शेडपर्यंत धातूचे आवरण नसलेली फायबर (काचेच्या तंतूंची केबल) टाका, काच वीज वाहून नेत नाही. शिवाय ओएम३ या प्रकारच्या फायबरवर १० गिगाबिट ३०० मीटरपर्यंत जाते.

चार पोर्ट एकत्र बांधली, तरी एका संगणकाला जाणारी एक फाईल १ गिगाबिटच्याच वेगाने, म्हणजे सेकंदाला जेमतेम ११० मेगाबाइटने जाते. हिशेबाच्या कामाला तेवढे पुष्कळ आहे. १० गिगाबिट तुम्हाला रात्रीच्या बॅकअपपुरतेच उपयोगी पडेल. त्यासाठी दोन एसएफपी-प्लस पोर्टांचे (फायबरचे मॉड्यूल किंवा डीएसी केबल बसणाऱ्या १० गिगाबिट पोर्टांचे) कार्ड घ्यावे. रॅकमधल्या रॅकमध्ये डीएसी केबल (दोन्ही टोकांना प्लग बसवून येणारी आखूड केबल) चालते, ती नेहमीच्या नेटवर्क केबलवर १० गिगाबिट चालवणाऱ्या १०जी-बेस-टी पोर्टपेक्षा कमी तापते.

रिकाम्या पोर्टांना रबरी टोप्या मात्र जरूर लावा. आमच्या रॅकची खिडकी समुद्राकडे होती. दोन पावसाळ्यांनंतर न वापरलेल्या पोर्टांतल्या पिना हिरव्या पडलेल्या सापडल्या.