अंटार्क्टिकाच्या छोट्या जहाजावर काय तयारी हवी?

प्रश्न (म्हापसा): आई-बाबांसोबत अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाच्या उशुआया बंदरातून निघतोय. मांडवीतल्या फेरीबोटीपलीकडे कोणालाच सवय नाही. काय सांभाळायचं?

उत्तर (मडगाव): ड्रेक पॅसेज, म्हणजे दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामधला खवळता समुद्र, ओलांडायला साधारण दोन दिवस. केबिन खालच्या मजल्यावर, मधोमध घ्या. टोकांना हेलकावे जास्त. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून मळमळ सुरू होण्याआधीच घ्यावी, नंतर ती पोटात टिकत नाही. चालताना एक हात कायम कठड्याला. दाराच्या फटीत बोटं नकोतच!

उत्तर (फोंडा): किनाऱ्यावर एका वेळी १०० जणच, म्हणून गट पाडतात. कपड्यांच्या वेल्क्रोत अडकलेली कुसळं घरीच काढा, बाहेरच्या बिया तिथे जाऊ नयेत म्हणून तपासणी होते. झोडियाकमध्ये, म्हणजे किनाऱ्यावर नेणाऱ्या हवा भरलेल्या रबरी बोटीत, उतरताना दोन्ही हात मोकळे हवेत. खलाशाचा पंजा नव्हे, मनगटाच्या वर धरा. ओला पंजा निसटतो. बाबांचे गुडघे कसे आहेत?