दारू सोडवायची पुडी आमटीत, न सांगता: घालू का?

वडगावची_सून
घर वडगाव बुद्रुकला. नवरा चाकणला कंपनीत, शिफ्टची नोकरी. आधी शनिवारी मित्रांबरोबर बसायचा, मग रोज, आणि गणपतीपासून सकाळीसुद्धा. चहाचा कप दोन्ही हातांनी धरतो, तरी बशीत सांडतो. पोटात थोडी गेली की हात थांबतात.

सासूबाईंनी कुठूनतरी पुडी आणलीय. 'पिणाऱ्याच्या नकळत, शंभर टक्के गुण.' त्यात काय आहे, कोणी बनवलं, काहीच लिहिलेलं नाही. उद्यापासून आमटीत घाल म्हणतात. मी मेथ्यांच्या डब्यामागे ठेवून दिलीय.

तो मारत नाही. पण माझ्या पाटल्या न विचारता गहाण टाकल्या. सकाळी सुपरवायझरला 'ताप आहे' असा मेसेज मीच करते. 'सोडून दे त्याला' कृपया लिहू नका, ते माहेरचे रोज सांगतात.

गोळ्यावाला_पेठेतला
घालू नका. मेडिकल चालवतो, अशा पुड्या घेऊन विचारायला येणारे नेहमीचे आहेत.

पुडीत काहीही असू शकतं. डायसल्फिराम, म्हणजे दारू सोडवायला डॉक्टर देतात ते औषध, असेल तर ऐका. दारूचं लिव्हरमध्ये आधी असिटाल्डिहाइड नावाचं विषारी द्रव्य होतं, मग ते पुढे मोडतं. हे औषध ती पुढची पायरी अडवतं. वर दारू पडली की चेहरा लालबुंद, उलट्या, छातीत धडधड, बीपी खाली. हृदयाचा त्रास असला तर जिवावर बेततं. औषध बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. म्हणून डॉक्टर ते पेशंटला सांगून, त्याच्या संमतीने, दारू बंद करून किमान १२ तास झाल्यावरच सुरू करतात. ज्याला माहीतच नाही तो संध्याकाळी पिणारच ना!

स्पष्टवक्ता_कोथरूड
एवढं कशाला? मनाचा निग्रह लागतो. खोलीत कोंडा चार दिवस, उतरेल. आमच्या काकांनी एका दिवसात सोडली.

आजचा_दिवस
काकांना नमस्कार, पण हा सल्ला मागे घ्या. सकाळी हात कापतात आणि प्यायल्यावर थांबतात म्हणजे शरीराला सवय लागलीय. तिथे निग्रह काय करणार? एकदम बंद केली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, त्यानंतर भास. मला वॉर्डातल्या भिंतीवर मुंग्यांची रांग दिसत होती, आणि मी ती चादरीने पुसत होतो. नर्सने दिवा लावला तरी पुसत होतो. हे घरात कोंडून झालं असतं तर आज इथे टाइप करत नसतो.

ताई, बंद करायची ती डॉक्टरांच्या देखरेखीत. ते झटके येऊ नयेत म्हणून गोळ्या देतात, बी-१ जीवनसत्त्व देतात. फिट आली किंवा बरळायला लागला तर थेट हॉस्पिटल, १०८ लावा.

सोबतीण
वरचं सगळं बरोबर. आता तुझ्याबद्दल बोलू, कारण तुझ्याबद्दल कोणी विचारलंच नाही.

'तो यायला तयार नाही' म्हणून थांबू नकोस. येरवड्याला मोहनवाडीत मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, १९८६ पासून. अनिता आणि अनिल अवचटांनी पु. ल. आणि सुनीताबाईंच्या मदतीतून सुरू केलेलं. फोन करून वेळ घे आणि आधी तूच जाऊन बोल. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉनचे गटही असतात, पैसे लागत नाहीत. आणि तुझीच झोप उडाली असेल तर १४४१६, टेलिमानस, मानसिक आरोग्याची हेल्पलाइन. सरकारी आहे, फुकट, मराठीत बोलता येतं.

सुपरवायझरचा मेसेज बंद कर. भांडून नाही. तो शुद्धीत असेल तेव्हा एकदाच सांग, 'यापुढे तुझी रजा तू कळव.' प्यायलेल्या माणसाशी रात्री वाद घालणं म्हणजे तोंडाची वाफ. आणि जे करणार नाहीस ते बोलू नकोस. 'माहेरी जाते' म्हणून गेली नाहीस की तेही त्याला पाठ होतं. नवऱ्यावर माया कर, त्याच्या पिण्यावर पांघरूण घालू नकोस.

पाटल्यांचं मात्र हलक्यात घेऊ नकोस. बायकोचं स्त्रीधन असं परस्पर गहाण टाकणं २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळात मोडतं. लगेच केस कर म्हणत नाही. पण 'मारत नाही' एवढ्यावर समाधान मानायचं का? उरलेलं सोनं लॉकरला टाक. हात उचललाच तर १८१, महिला हेल्पलाइन.

वडगावची_सून
सासूबाईंना मेडिकलवाल्या दादांचं उत्तर मोठ्याने वाचून दाखवलं. 'जिवावर बेततं' ऐकून गप्प बसल्या, मग म्हणाल्या, तो मेला पुडीवाला पैसे परत देईल का? देणार नाही म्हटलं. त्याही येरवड्याला यायचं म्हणतात. वडगावहून थेट बस आहे की पुणे स्टेशनला बदलावी लागते?