मदत हवी आहे: विहिरीच्या पाण्याच्या कठीणपणाचं टायट्रेशन अडलंय

बीएस्सी केमिस्ट्री मेजर, शेवटचं वर्ष. आता फक्त प्रोजेक्ट राहिलाय. विषय रत्नागिरीकडच्या जांभ्यातल्या विहिरींचा कठीणपणा. नमुना 50 मिली, 0.01 मोलर ईडीटीए (कॅल्शियम-मॅग्नेशियमला बांधून घेणारं द्रव्य), अमोनिया बफर (पीएच 10), इंडिकेटर एरिओक्रोम ब्लॅक टी (शेवटी लालसरवरून निळा व्हायला हवा).

रंग जांभळ्यावरच रेंगाळतो, स्वच्छ निळा होत नाही. रीडिंगं जुळत नाहीत. डिस्टिल्ड वॉटरचा ब्लँक मात्र ठीक येतो.

इंडिकेटर मिठात घोटून नवा केला, बफरही ताजा. लोह-मँगनीजचा अडथळा दूर करायला ट्रायइथॅनॉलअमाईन टाकलं, पण बफरनंतर (चूक हीच असेल का?). त्याच कामासाठीचं सायनाइड कॉलेजात मिळणार नाही, धातू मोजायचं एएएस यंत्रही नाही.

लोह-मँगनीज इंडिकेटर अडवतंय की मॅग्नेशियमच कमी आहे (म्हणून रंगबदल स्पष्ट होत नाही), हे साध्या लॅबमध्ये कसं ओळखायचं? आणि बफरमध्ये मॅग्नेशियम-ईडीटीए घालायचं तर त्यात मॅग्नेशियम आणि ईडीटीए समप्रमाणात आहेत हे कसं तपासायचं?