गाणारी आई, गाणारी आजी : तुमच्या घरातल्या आठवणी लिहा

पेटीवालीची लेक
२ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, आईच्या कबरीवर फुलं ठेवायला गेले होते. ती गेल्यानंतरचा हा पहिलाच नोव्हेंबर. बाजूच्या कबरीपाशी एक बाबा मेणबत्ती लावता लावता जुनं लॅटिन गीत गुणगुणत होते. आई पोळ्या लाटताना तेच म्हणायची. अर्थ विचारला की म्हणायची, "अर्थ फादरांना ठाऊक, मला चाल ठाऊक." दोन दिवस डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहायला बसले.

आई १९३१ची, राहात्याकडची. दादा, म्हणजे माझे वडील, प्रेसमध्ये लागले म्हणून लग्नानंतर नाशिकरोडला आली. माहेरून भांडी कमी आणि पेटी आधी आली, असं आत्या सांगायची. मिशनच्या शाळेत सिस्टरांनी शिकवलेली पेटी. पुढे व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर (१९६२ ते ६५) मिस्सा (चर्चमधली उपासना) लॅटिनऐवजी मराठीत आली, तेव्हा गायला मराठी गाणी पुरेशी कुठे होती? आई सकाळी रेडिओवर अभंग ऐकायची आणि त्याच वळणावर स्तोत्रं बसवायची. टाळ आले, ढोलकी आली. काही जुन्या मंडळींना ते रुचलं नाही. आई भांडली नाही, पुढच्या रविवारी अजून एक टाळकरी घेऊन गेली.

पवित्र गुरुवारचा (गुड फ्रायडेच्या आदल्या दिवसाचा) ग्लोरिया, म्हणजे स्तुतिगीत, झाला की पेटी बंद. गुड फ्रायडेला नुसता गळा, घंटेच्या जागी लाकडी खटखट्या. पेटी उघडायची ती ईस्टरच्या रात्री. कसर लागू नये म्हणून आत कापूर ठेवलेला असायचा. पहिला भाता मारला की सगळ्या बाकांवर कापराचा वास. मला अजूनही ईस्टर म्हटलं की तोच वास येतो.

नव्वदीनंतर कान पार गेले. मुलगा पेटी वाजवायला बसला की ती तळहात पेटीच्या लाकडावर टेकवून बसायची. त्याचा सूर चुकला की हात उचलायची. कसं कळतं गं आजी? तर म्हणे, "घरघर बदलते."

तुमच्याकडच्या गाणाऱ्या बायकांबद्दल लिहा. कुठल्याही धर्माच्या, कुठल्याही गळ्याच्या.

गोदाकाठची
घरघर बदलते 😭 ऑफिसात बसून वाचलं, चूक केली.

जेलरोडकर
ताई, तुमची आई म्हणजे निळ्या काठाची पांढरी साडी नेसायच्या त्या का? आम्हा पोरांना नाताळच्या गाण्यांना गोळा करायच्या, आम्ही जाधव-शिंदे सगळेच जायचो. घरोघर गाऊन झालं की शेवटी त्यांच्याकडे करंज्या. मला तोंड नुसतं हलवायला सांगितलं होतं त्यांनी, आणि दोन करंज्या जास्त दिल्या होत्या.

पेटीवालीची लेक
त्याच! निळा काठच असायचा. आणि तोंड हलवणाऱ्यांना जास्त करंज्या हा नियमच होता, नाहीतर पोरं पुढच्या वर्षी येत नाहीत, असं आई म्हणायची.

गोदाकाठची
आमच्या आजीच्या पेटीत लवंगा असायच्या. पंचवटीत राहायचो. तिचे वडील लहानपणी तिला गायक विष्णु दिगंबर पलुसकर बुवांच्या रामनाम आधार आश्रमात भजनाला न्यायचे, त्यामुळे तिचा रियाज म्हणजे रामनाम. आजोबा गेल्यावर सासरच्या थोरल्यांनी सांगितलं, आता गाणं शोभत नाही. गाणं बंद झालं. पण पहाटे जात्यावर बसली की ओव्या म्हणायची, त्याला कोणी हरकत घेईना. गिरणी दोन मिनिटांवर होती हो. तरी ती जातं सोडेना. मला हे समजायला लग्न व्हावं लागलं.

सातपूरची सून
@गोदाकाठची 🙏🙏 काय बाई असेल

शरणपूरवाला
आम्ही शरणपूरचे, प्रोटेस्टंट. आजीकडे पेटी नाही, फक्त उपासना संगीताचं पुस्तक, तेही मधली पानं गेलेलं. गेलेल्या पानांवरची गाणी तिला तोंडपाठ. नारायण वामन टिळकांची भजनं लागली की डोळे मिटायची. लक्ष्मीबाई टिळकांचं माहेर आपल्या जलालपूरचं, त्यामुळे ती टिळकांना 'आपले जावई' म्हणायची. शेजारी एक कॅथलिक बाई होत्या. दोघींचं पटायचं नाही, बायबलवरून, मारियेवरून, नळाच्या पाण्यावरून. पण २४ डिसेंबरला रात्री दोघी एका ओट्यावर बसून गायच्या. २५ला परत पाणी.

बाकी शरणपूरचं अजून एक. आफ्रिकेतल्या गुलामगिरीतून सोडवलेली मुलं इथल्या मिशनमध्ये शिकली. त्यातला जेकब वेनराइट आफ्रिकेत फिरलेल्या संशोधक लिव्हिंगस्टनच्या पार्थिवाबरोबर थेट लंडनपर्यंत गेला, १८७४ साली. आजी हे गोष्टीसारखं सांगायची. विषय सोडून झालं, पण शरणपूर निघालं की हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

जेलरोडकर
नाशिकचा माणूस लंडनला, आणि आम्हाला शाळेत कोणी सांगितलं नाही.

कॅम्पातली
देवळाली कॅम्प. माझी नानी गोव्याची, नाना मिलिटरीत. ती मांडो (गोव्याची कोकणी गाणी) म्हणायची आणि मामा घुमट वाजवायचा. मातीचं भांडं, एका तोंडाला कातडं. पूर्वी घोरपडीचं असायचं, त्यावर बंदी आली, मग बकऱ्याचं. नानीला ते आवडायचं नाही, "हें घुमट न्हंय, हो डबो" म्हणायची 😄 पण मामाने वाजवायला घेतलं की पहिली तीच उठायची नाचायला. गुडघे दुखतात ही तक्रार त्या दिवशी नसायची. ८८व्या वर्षी पणतीच्या बारशाला नाचली आहे, फोटो आहे माझ्याकडे. कूकर झाला, येते.

सातपूरची सून
माझ्या सासूबाईंचं सांगते. गाणं येत नाही त्यांना, पण रोज संध्याकाळी रोझरी (जपमाळेची प्रार्थना), आणि ती पण चालीत. टीव्हीवर मालिका लागलेली असते, आवाज बंद करून चित्र चालू ठेवतात. नमो मारिया म्हणता म्हणता एक डोळा मालिकेवर. देवाला चालतं म्हणे.

गोदाकाठची
चालणारच. आमची आजी विष्णुसहस्रनामात मटार सोलायची.

कॅम्पातली
आले. नाताळचा केक कोणी बेकरीच्या भट्टीत भाजायला न्यायचं का? आम्ही पातेल्यात पीठ घेऊन जायचो, पातेल्यावर कोळशाने खूण. एकदा अदलाबदल झाली, आम्हाला कुणाचा तरी बिनअंड्याचा आला. नानीने तो पण वाटला आणि गात गात वाटला.

प्रेस कॉलनी
यंदा बाळ येशूची यात्रा कधी आहे? फेब्रुवारीचा दुसरा शनिवार-रविवारच ना? वसईहून मामेभाऊ विचारतोय, लॉज आत्ताच बघायला हवा.

जेलरोडकर
हो, दुसराच. लॉजचं आत्ताच बघा, आणि पुणे रोडने गाडी आणू नका म्हणावं, रेल्वेनेच या.

सातपूरची सून
ताई, पेटी आता कोण वाजवतं?

पेटीवालीची लेक
मुलगा पुण्याला नोकरीला गेला. मी रोज भाता मारते, पण मधल्या सप्तकातले दोन सूर उमटतच नाहीत, आणि भात्याच्या घडीतून हवा जाते. नाताळच्या आधी नीट करून चर्चमध्ये न्यायची आहे. तिथल्या मुली शिकायला तयार आहेत.

गोदाकाठची
रविवार कारंजाला एक काका आहेत, घरीच करतात, आमची त्यांनीच केली. धूळ बसली असेल सुरांवर, त्याला फार लागत नाही. भात्याचं चामडं मात्र बदलायला लावतील. नवीन घ्या म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. शनिवारी चारनंतर मोकळी आहे, पेटी रिक्षात घालून या, मी कारंजापाशी थांबते.

पेटीवालीची लेक
येते. कापूर काढून ठेवू का आधी?

गोदाकाठची
राहू द्या आत.