मदत हवी आहे: रद्दीच्या लॅम्पशेडला पावसाळ्यात बुरशी

फुग्यावर रद्दीच्या पट्ट्या मैद्याच्या खळीने चिकटवून हॉलसाठी लॅम्पशेड केली आहे. आत ९ वॅटचा एलईडी, वर-खाली भोकं आहेत, त्यामुळे उष्णतेचा प्रश्न नाही. अडचण दमट हवेची. घर रत्नागिरीत, पाऊस लागला की काळे ठिपके पडतात. खळीत मोरचूद घातल्यावर ठिपके थांबले, पण कागद हिरवट दिसतो, शिवाय घरात लहान मूल आहे, म्हणून ते विष नको. तेलाचं व्हार्निश पिवळं पडलं.

आता नवी शेड फेविकॉलने करणार आहे. वरून पाण्यात मिसळणारं अ‍ॅक्रिलिक व्हार्निश लावायचं, एवढं ठरलंय. उजेड कागदातून झिरपायला हवा, म्हणून रंग नको. कोकणात कुणी केलं असेल तर सांगा: व्हार्निश दोन्ही बाजूंनी मारावं, की दमटपणा कोंडू नये म्हणून आतली बाजू कोरीच ठेवावी?